छत्तीस आकडे

टेबलावर होतं ते असं: तळहाताएवढी एक हार्ड डिस्क, बाबांचा चष्मा, आईची कात्री आणि कापडावर ठेवून बेतायचं, लहान मुलाच्या सदऱ्याच्या बाहीचं पेपर कटिंग. कटिंगच्या मागच्या बाजूला आकडे छापलेले होते. मी तीनदा मोजले. छत्तीस. हवे होते अठ्ठेचाळीस.

ज्यांना तयार कपडा बसत नाही, त्यांच्यासाठी आई शिवते. कुणाचा एक खांदा खाली, कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा हात कोपरापर्यंतच. असे तेवीस जण. प्रत्येकाचं कटिंग चार-पाचदा अंगाला लावून, उसवून जमवलेलं. बाबा नकाशे काढायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही कटिंगं मापून कॉम्प्युटरवर उतरवली आणि कसर लागलेले कागद रद्दीत दिले. मग बाबा छापायचे, आई कापायची. गेल्या वर्षापासून तिचा उजवा हात थरथरतो. छापलेल्या रेषेवरून कात्री अजून नीट चालते. कोऱ्या कागदावर रेष ओढता येत नाही.

चार महिन्यांपूर्वी बाबांना पक्षाघात झाला. एक शब्द उरला: "हो." पाठोपाठ कॉम्प्युटरचा बोर्ड जळला.

"ताई, डिस्क ठणठणीत आहे," दुरुस्तीवाला म्हणाला. "पण तिच्या कुलपाची ओळख जुन्या बोर्डाशी होती. आता ती अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतेय. वडिलांनी कुठं तरी छापून ठेवली असेल बघा."

ठेवली होती, टेबलाच्या खणात. आणि आमच्याकडे एका बाजूने कोरा कागद वाया घालवत नाहीत. बाबाच आपले जुने नकाशे आईसाठी त्या खणात ठेवायचे. हात थरथरायला लागायच्या आधी कधी तरी तिने किल्लीवर बाही बेतली. उरलेलं कातरण केरात गेलं.

"एवढं महत्त्वाचं होतं तर मोठ्या अक्षरात लिहायचं नाही का?" आई बाबांवर डाफरली. मग हळूच म्हणाली, "अहो, दुसरी प्रत काढली होती?"

"हो," बाबा म्हणाले.

"कपाटात?"

"हो."

"पुस्तकांत?"

"हो."

मी तीन दिवस कपाट आणि दोनशे अकरा पुस्तकं पान न् पान उलटून पाहिली. चौथ्या दिवशी विचारलं, "बाबा, तुम्ही चंद्रावर गेला होता?"

"हो," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने मला खोलीबाहेर काढलं.

किल्लीत सहा आकड्यांचे आठ गट असतात. आमचे सहा गट शाबूत होते, दोन पूर्ण गेले होते. प्रत्येक गटाला अकराने निःशेष भाग जातो आणि तो ७,२०,८९६ च्या आतच असतो, म्हणून एका गटाला ६५,५३६ शक्यता. दोन गटांच्या जोड्या ४,२९,४९,६७,२९६. माझा लॅपटॉप सेकंदाला बारा जोड्या तपासतो. कॉलेजच्या मोठ्या यंत्रासाठी अर्ज केला. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना ते देत नाहीत, असं उत्तर आलं.

"किती दिवस लागतील?" आईने विचारलं.

"जास्तीत जास्त अकरा वर्षं चार महिने."

"तोवर बाईंची पाठ आपोआप सरळ होईल."

बाई म्हणजे पाठीला बाक असलेल्या शिक्षिका. लॅपटॉप कामाला लावल्याला दहा दिवस झाले, त्या सकाळी त्या कापड घेऊन आल्या.

"मागच्यासारखंच शिवा हो. त्यात माझी पाठ दिसतच नाही."

आईने कापड ठेवून घेतलं. त्या गेल्यावर कोरा कागद पसरला. मी म्हटलं, "तू सांग, मी रेष काढते. इथे किती खोल घ्यायचं?"

"ते आकड्यात कसं सांगू? हाताला कळतं ते."

"मग हात धरू का तुझा?"

मी तिचं मनगट धरलं. पेन्सिल खांद्यापासून निघाली आणि बाकाशी येऊन थरथरली. आईने खोडलं. पुन्हा काढलं. पाचव्यांदा कागद फाटला. बाबा खुर्चीतून बघत होते.

"जमेल का हो मला?" आईने त्यांना विचारलं.

"हो," बाबा म्हणाले.

आईने कापडाची घडी घातली आणि ते परत पिशवीत ठेवलं.

मी लॅपटॉपकडे गेले. तपासलेल्या जोड्या: १,०३,६८,०००. एकूण जोड्यांच्या ०.२४ टक्के. जुळलेल्या: शून्य.