सगुणाबाईंना आवतण

सगुणाबाई गेल्या त्याला वर्ष व्हायच्या आत त्या पुन्हा बोलू लागल्या.

पहिल्यांदा बोलल्या त्या कोलशेतच्या एका टॉवरमध्ये. निशा आपल्या पोराला, अद्वयला, कडेवर घेऊन वरच्या दवाखान्यात लस टोचून घ्यायला निघाली होती. लिफ्टचं दार मिटलं आणि वरून सासूबाईंचा आवाज आला, "दरवाजा बंद होत आहे. कृपया सांभाळून." शब्द छापील होते, पण वाक्य संपताना श्वास आत ओढायची ती लकब त्यांचीच. निशाने पोराला घट्ट धरलं. अद्वय मात्र वर बघून खुदकन हसला. पोटात असताना त्याने हा आवाज रोज ऐकलेला.

बाळकुमच्या आगरी आळीत सगुणाबाई आल्याशिवाय हळद लागत नसे. त्या धवलारीण, म्हणजे लग्नाचे धवले म्हणणाऱ्या. निशा आंबिवलीच्या बौद्ध घरातून सून होऊन आली तेव्हा तिला त्यातलं निम्मंही कळायचं नाही. पण ती सॉफ्टवेअरमधली, आणि डोंबिवलीच्या काही मंडळींबरोबर फावल्या वेळात बोलीभाषांचे आवाज गोळा करायची. मोठ्या कंपन्यांची यंत्रं आपली बोली शिकणार नाहीत, तर आपण सगळ्यांसाठी खुलं काहीतरी करून ठेवू, असा त्यांचा हट्ट. दुपारी पंखा बंद करून, खिडकीला गाद्या लावून तिने सासूबाईंना गायला बसवलं. आवाज खुला करताना एक अट घालता येत होती, की जो हा वापरेल त्यानेही आपलं काम खुलंच ठेवावं. निशाने त्यांना विचारलं.

"अट कशाला गो? गाना काय आपले बापासचा हाय? ज्याला म्हनाचा त्यान म्हनावा."

धवलारीण कुणाला नाही म्हणत नाही. निशाने अट घातली नाही.

पुढे एका कंपनीने तो साठा उचलला, त्यातून आवाज घडवला आणि कुलूप लावून विकायला काढला. निशाने मेल लिहिला. उत्तर आलं: हा आवाज कृत्रिम असून तो कोणत्याही एका व्यक्तीचा नाही.

"तू फुकट वाटलंस, त्यांनी विकलं," तिचा नवरा मयूर म्हणाला. "माझ्या आईला, निशा."

"गावाची विहीर सगळ्यांना खुली ठेवली, ही ठेवणाऱ्याची चूक? आणि पंप लावून उपसणाऱ्याची नाही?"

"पंपवाल्याला विचारायला जाणार कोण? तू?"

निशा मांडीवरच्या पोराचं जावळ कुरवाळत राहिली.

मग नणंदेचं लग्न ठरलं. घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत कार्य उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. प्रीती वर्षाच्या आत करायला तयार होती, पण तिची एकच अट होती. "मला आईच हवी गं मांडवात. दुसरी धवलारीण नको." आणि हळदीच्या आदल्या दुपारी ती फोन नाचवत आली. "वहिनी, त्याच कंपनीचं ॲप आहे. लग्नगीतं म्हणतं. आईच्या आवाजात!"

निशा म्हणाली, "नको गं."

"तुझं काय जातंय? जगाला दिलीस ना? मग मला एक दिवस दे की."

हे वर्मी लागलं. निशाने मग अडवलं नाही.

धवल्यात आधी देवांना आवतण, मग घरातल्या गेलेल्या माणसांना. ॲपने नावं मागितली. प्रीतीने आजोबांचं घातलं, वडिलांचं घातलं. मग बोट जरा अडखळलं, आणि तिने आईचंही घातलं. यंदा गेलेल्यांत तीही होतीच. सासऱ्यांची बहीण रंभाआत्या लसूण सोलत होती. बायका सरसावून बसल्या.

"या हो सीताराम, या मांडवाला…"

तोच आवाज. चुलीच्या धुराने जरासा घोगरा. प्रीतीचे डोळे भरून आले.

"या हो भिवा, या मांडवाला…"

आत्याच्या हातातली पाकळी गळून पडली. "भिवाचा नाव? आपले नवऱ्याचा नाव घेतलान सगुनानी?"

जन्मात घेतलं नव्हतं. घरच्या धवल्यात ते नाव आलं की सगुणाबाई थांबत आणि आत्या आपल्या भावाचं नाव पुरं करी. रेकॉर्डिंगच्या दिवशी आत्या नव्हती, म्हणून तिथे नुसती शांतता होती. निशाला ती ठाऊक होती. यंत्राने ती शांतता भरून काढली होती.

"ये गो सगुणा, ये मांडवाला…"

आवाज जरासुद्धा कापला नाही. मेलेली बाई स्वतःला मेलेल्यांत हाक मारत होती, आणि शेवटी तोच श्वास आत ओढत होती.

"बंद कर वहिनी! बंद कर ते!"

निशाने फोन ओढून घेतला. गाणं थांबलं. क्षणभराने सगुणाबाई प्रेमळपणे म्हणाल्या, "आणखी कोणाला बोलवायचे आहे का?"

अद्वय रांगत फोनकडे निघाला होता. आत्याने झडप घालून त्याला उचललं आणि पदराखाली झाकलं.

संध्याकाळी प्रीती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली. "उद्या म्हणणार कोण गं?"

"मी म्हणते."

"तू? आंबिवलीवाली?" प्रीती रडत रडत हसली. "तुला आमचं आगरी 'मना-तुना' बोलता येत नाही धड."

"बोलता येत नाही. पण उतरवून घेताना त्यांचा एकेक शब्द शंभरदा ऐकलाय."

हळदीला निशा पाटासमोर बसली. मांडीवर अद्वय, मागे आत्या. निशाचा गळा साधा, सूर दोनदा पडला. सासऱ्यांचं नाव आलं तशी ती थांबली, आणि आत्याने मागून भावाला हाक घातली.

मग सगुणाबाईंची पाळी. सासूचं नाव निशाने कधी तोंडाने घेतलं नव्हतं. आज घ्यायचं होतं, आणि हाक कुठवर पोचेल ते कळत नव्हतं. एका ठिकाणी असलेल्या माणसाला हाक मारता येते. तिने तर त्यांना सगळीकडे पाठवून दिलं होतं.

"ये गो सगुणा…"

हळदीने माखलेल्या चेहऱ्याने प्रीती मांडवाच्या तोंडाकडे बघत राहिली. "आली का गं?" तिने नुसत्या ओठांनी विचारलं.

निशाने अद्वयला जवळ ओढलं आणि आणखी मोठ्याने, पुन्हा एकदा बोलावलं.