पैलतीरावरची चटणी

"अव्वा, मधी बसा, कडंला नको," सुनेनं, मंजुश्रीनं माझा दंड धरला आणि नाव हलली.

इंजिनानं दोनदा ठसका दिला. नातीनं, वर्षाराणीनं लगेच ओढणी नाकाला लावली. "ई, डिझेलचा काय घाण वास यायलाय!"

तिच्याकडं बघून मीही पदर नाकाला लावला. मला वास आला नव्हता. साथीतल्या तापातून मी उठले, पण माझं नाक काही उठलं नाही. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सांगणार तरी कसं? लातूरला गंजगोलाईजवळ आमचं दुकान आहे. तिथं काळ्या मसाल्याच्या पुड्यांवर माझं नाव छापलेलं आहे, 'जगदेवीबाईंचा काळा मसाला'. मसाला कांडून झाला की दुकानातला मलप्पा वाटीभर घेऊन घरी येतो. मी वास घेऊन 'हं' म्हटल्याशिवाय पुड्या भरत नाहीत. आमचे हे गेल्यावर घरात माझी जी जागा उरली, ती त्या एका 'हं'वर होती. ताप उतरल्यावर मलप्पा पहिल्यांदा वाटी घेऊन आला तेव्हा मी ती नाकाशी धरली. आत काहीच नव्हतं, भिंतीला नाक लावल्यासारखं. तरी म्हटलं, "हं." तेव्हापासून रंग बघून, चिमटीत चुरून, जिभेवरच्या तिखटावरून निभावत आले होते.

आजची सहल माझ्या मुलाची, उमाशंकरची हौस. गोदावरीच्या पैलाड एका घाटावर बायकांच्या गटांनी चटण्या, पापड, शेवया, घाण्याचं तेल यांची दुकानं टाकली होती. "नावेत बसणं होईल, देवदर्शन होईल आन चांगलं लागंल ते आपल्या दुकानात ठेवता येईल. अव्वानं फकस्त चाखायचं," तो म्हणाला होता. चाकूर गेलं, लोहा गेलं, तो गाडीत गुणगुणतच होता. मी मात्र वासाशिवाय काय काय ओळखता येईल ते मनात मोजत होते.

नाव मधोमध आली. पाणी गढूळ आणि शांत होतं. माझं माहेर मांजरेच्या काठचं. नदी भरली की आम्ही गूळ कढवायच्या मोठ्या काहिलीत बसून पलीकडं जायचो. बापू वल्हवायचे आणि आम्ही बहिणी तळाशी गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. काहील कितीही घासली, पाण्यात किती भिजली तरी तिला गुळाचा खरपूस वास यायचा. तो वास मला अजून येतो. पुढ्यातल्या डिझेलचा येत नाही.

पैलतीरी उतरल्यावर उमाशंकर पुढं आणि आम्ही मागं. शेवयांचं दुकान सोपं गेलं. शेवई हातानं कळते. पापड उजेडात धरून बघितला. पुढं लाकडी घाण्याचं तेल होतं.

"आमच्या अव्वाचं नाक लई तिखट हाय बरं का," उमाशंकर तेलवाल्या बाईला म्हणाला. "तिला फसवायचं काम न्हाई."

बाईनं हसत तळहातावर थेंब टाकला. मी तो नाकाशी नेला, जिभेला लावला.

"चांगलं हाय."

मंजुश्रीनं बाटली उघडली आणि लगेच बंद केली. "ऱ्हाऊ द्या, पुढं बघू," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडं बघितलं. तेल खवट असावं. त्यानंतर तिची नजर माझ्यावरून हलेना.

पुढच्या दुकानात फळीवर चटण्यांचे उघडे डबे मांडले होते. दुकानवाली गुणाबाई पाठमोरी होऊन कुणाला तरी सुटे पैसे देत होती. मंजुश्री बघतेय, आता कचरायचं नाही, असं मनाशी म्हणून मी कुणी विचारायच्या आत कडेच्या डब्यातली तपकिरी चटणी चिमटीत उचलली, वास घेतल्यासारखं केलं आणि तोंडात टाकली.

"जवसाची हाय. भाजणी बरोबर झालीय. मीठ जरा कमी हाय."

वर्षाराणीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. गुणाबाई वळली आणि तिचा चेहरा उतरला.

"आवो मावशी! झिंग्याची चटणी हाय ती! सुकट! वास नाही का आला तुम्हाला?"

मी थुंकले. माझा हात आपोआप गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला आणि खरकटा म्हणून वाटेतच थांबला.

"गोदामाय वलांडली की समदं चालतंय, आजी!" मागचं एक गिऱ्हाईक म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. गुणाबाई त्याच्यावर खेकसली, "गप रे मुडद्या!" आणि तांब्या घेऊन धावत आली. "माझीच चूक, आई. झाकण ठेवायला पायजे व्हतं."

"अव्वा, चष्मा कुठाय तुझा?" उमाशंकर मोठ्यानं म्हणाला. "दिसत न्हाई तर हात कशाला घालायचा?"

चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता. त्यानंही तो बघितला आणि मान फिरवली.

मंजुश्रीनं मला घाटाच्या पायरीवर बसवलं. मी चूळ भरत राहिले. ती शेजारी बसली.

"कवापासून?"

"त्या तापापासून."

"आन रोज मलप्पाची वाटी?"

वर्षाराणी खालच्या पायरीवर उकिडवी बसली. "म्हंजे माझा सेंटपण? मी विचारते तवा तर छान हाय म्हणतीस!"

"छान असंल म्हणून म्हणायचे, बाळ."

ती हसली नाही.

"मला तरी सांगायचं होतं की, अव्वा," मंजुश्री म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

परतीच्या नावेत पिशव्या रिकाम्याच होत्या. उमाशंकर दूर, टोकाला जाऊन बसला. थोड्या वेळानं त्यानं फोन लावला.

"मलप्पा, मसाला झाला का कांडून? न्हाई, अव्वाकडं नको नेऊ. मंजुश्री आली की बघंल. हाव, आजपासून तीच बघंल." मग थांबून म्हणाला, "पुड्यावरलं नाव? ते ऱ्हाऊ दे तसंच."

इंजिनाच्या आवाजात मला ऐकू येणार नाही असं त्याला वाटलं असावं. माझे कान अजून चांगले आहेत.

मंजुश्रीनं घरून आणलेला डबा काढला.

"मला नको," मी म्हटलं. "घरी जाऊन अंघोळ करते, पूजा करते, मग बघू."

"गोळी घ्यायची हाय, अव्वा. चतकोर तरी खावा."

तिनं धपाटं मोडून माझ्या हातावर ठेवलं. दह्याच्या डब्याचं झाकण काढलं. डबा स्वतःच्या नाकाजवळ नेला, क्षणभर तसाच धरला आणि मगच माझ्या घासावर दही घातलं.

मी खाल्लं. आंबट होतं, एवढं कळलं.