पुड्यावरचं हसू

"मावशी, ओठ उघडा ना. मिटल्या तोंडाचे दात कसे बघू?"

डॉ. मुस्कानने तिसऱ्यांदा सांगितले, तेव्हा गजराबाईंनी एका कोपऱ्यातून ओठ उचलला. तीस वर्षांची मिश्री! दात काळपट तपकिरी होते.

"पुरं उघड, माय," लेक रुपा म्हणाली. "परवा फोटोमा साऱ्या गावले दात दखाडना शेत."

नंदुरबारला मिरची वाळवायच्या मोकळ्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बारा जणींनी बचत गट काढला होता. त्यांच्या मिरची पावडरचा पहिला पुडा छापायला जाणार होता, आणि त्यावर गजराबाईंचा हसरा फोटो हवा, असे बाकी अकरा जणींनी ठरवले होते. पोत्यातली मिरची नुसती ओंजळीत घेऊन प्रत सांगणारी बाई सगळ्या पथारीवर एकच होती. फोटो शुक्रवारी निघणार होता. नमुन्यादाखल काढलेल्या फोटोत त्यांनी तोंड घट्ट मिटले होते. "पोलीस ठाण्यामा लायेल फोटो वाटस," असे रुपाने म्हटल्यापासून गजराबाईंना घास गोड लागत नव्हता.

रुपाने पर्समधून काळ्या पावडरची डबी काढली. "डॉक्टर, ही मोबाइलवरून मागवली. सात दिवसांत मोत्यासारखे दात म्हणे. पार्लरवाली अर्ध्या तासात करून देते म्हणते. आणि शेजारची काकू लिंबू-मीठ घासायला सांगते. यातलं काय करू?"

"पहिल्यांदा ही पावडर मावशींच्या हातावर टाक," मुस्कान म्हणाली.

गजराबाईंनी चिमूट अंगठ्याने चोळली आणि नाक मुरडले. "कचकच करस. जाडी दळेल शे. असं मी मिरचीमा बी चालू देत नहीं."

"बरोबर. रोज घासलंत तर दातावरचं कवच झिजेल, आणि ते पुन्हा उगवत नाही. खालचा थर पिवळा असतो, तो उलट जास्त दिसायला लागेल. लिंबाच्या आंबटाने तेच कवच मऊ पडतं. आणि पार्लरमध्ये लावायच्या आधी हिरड्या कोण तपासणार?"

तिने आरसा आत घालून पाहिले. हिरड्यांतून रक्त येत होते, दोन दातांची मुळे उघडी पडली होती, आणि समोरचा एक दात टोपीचा, म्हणजे वर कॅप बसवलेला निघाला.

"उजळायचं औषध आज लावलं तर या मुळांतून कळ जाईल. टोपीवर तर ते चालतच नाही. आधी साफसफाई करू. मिश्री बंद, आजपासून. खाली जो रंग निघेल तो तुमचा. हिरड्या बऱ्या झाल्यावर हवं तर पुढचं बघू."

"पन कितला पांढरा व्हई?" गजराबाईंचा आवाज उतरला होता.

मुस्कानने रंगपट्टी पुढे केली. दातांच्या सोळा नमुन्यांची एक ओळ. गजराबाई पाहत राहिल्या, मग खुर्चीत ताठ बसल्या.

"ह्या कोनी लायात? मांडनी गलत शे."

"ते गटागटाने आहेत, मावशी. लालसर एकीकडे, करडे—"

ऐकायला कोण थांबले होते! एकेक नमुना उपसून त्यांनी मांडीवर नवी ओळ लावली होती, उजळापासून गडदाकडे. मुस्कानने पुस्तक काढून ताडून पाहिले. चौदा जागा बरोबर. शेजारचे दोन उलटसुलट.

"हाई तुन्ही ट्यूबलाइटनी खोडी शे," म्हणत गजराबाई गळ्यातल्या रुमालासकट दारात गेल्या. उन्हात धरून दोघांची अदलाबदल केली. आता सोळाच्या सोळा.

"मावशी, माले कॉलेजमा आठ दिन लागले होते!" हसता हसता डॉक्टरच अहिराणीवर आली.

साफसफाईला तासभर लागला. चूळ भरून गजराबाईंनी आरसा घेतला. टोपीचा दात आणि बाकीचे आता एकाच रंगाचे, एकाच ढिगातले दिसत होते. त्यांनी ओळीतल्या नवव्या नमुन्यावर बोट ठेवले. "हाऊ मन्हा."

"माय, पुढे औषध लाईसन पहिल्या नमुनासारखा पांढरा कर ना!"

"तो ते फटकी मिरची, रंग उडेल. आनी टोपी रंगमा मांगे राही जाई, त्यानं काय? मन्हा हाऊच बरा."

शुक्रवारी पथारीवर फोटोवाल्या गोपालने कॅमेरा रोखला. मागून अकरा जणींनी असे काही टोमणे मारले, की गजराबाई डोळे मिटेपर्यंत हसल्या. तोच फोटो सगळ्यांना आवडला.

गोपालने तो पुड्याच्या छपाईच्या नमुन्यात बसवला आणि लॅपटॉप पोत्यावर ठेवला. "मावशी, एक बटन दाबस फक्त. दात दूधसारखा करी देस."

"कर, कर!" रुपा म्हणाली. गजराबाईंनी पडद्यावरच्या पुड्यावर बोट ठेवले.

"फोटोखाले काय छापी ऱ्हायना, वाच."

गोपालने वाचले, "यात कोणताही रंग मिसळलेला नाही."

"मंग?"

गोपालने बटणावरचा हात काढून घेतला.

कोणीतरी खुदकन हसले, आणि एकदम गलका झाला. "मन्हा बी काढ रे, हासता!" बाया तिखटाचे हात झटकत रांगेला लागल्या. सगळ्यांत पुढे पथारीवरची सगळ्यांत म्हातारी बाई, भिलाची आजी होती. तिला समोरचे दोनच दात उरले होते. तिने डोक्यावरची मिरचीची धूळ झटकली, स्टुलावर नीट बसली आणि तोंड भरून हसली.