निळ्या कागदातला धूर

लाकडाच्या जुन्या वखारीत पाय ठेवायला जागा नव्हती. फळ्यांच्या व्यासपीठावर धूरमहाराज एका म्हाताऱ्या शिंप्याच्या हिरडीवरून कापूस फिरवत होते. कापूस पांढराशुभ्र निघाला.

"महिन्यापूर्वी लालभडक होता! आता? थेंब नाही! दिव्य वनस्पतींचा हा धूर हिरडीत मुरला की दात सोडा, दाताचा स्क्रूसुद्धा हाडात मूळ धरतो!"

टाळ्या पडल्या. स्क्रूला मूळ फुटतं हे ऐकूनही कुणी हसलं नाही. निळ्या कागदात गुंडाळलेल्या, ओढायच्या नळ्यांसाठी हात पुढे झाले. सगळ्यांत पुढचा हात माझ्या धाकट्या भावाचा.

तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. क्लॅरिनेट वरच्या पुढच्या दातांवर टेकतं. त्यातला एक दात गेला आणि वाजवणं थांबलं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी जबड्यात इम्प्लांटचा स्क्रू बसवला. हाडानं तो तीन महिन्यांत घट्ट धरला की वर दात बसणार, तोवर सिगारेट बंद. बँडमास्तरांनी त्याची खुर्ची तेवढेच दिवस राखली होती.

"सिगारेट सोडली होतीस ना रे?"

"ताई, ही सिगारेट नाही, औषध आहे! घासताना येणारं रक्तसुद्धा थांबलं."

"धूर तो धूर. चुलीचा काय नि महाराजांचा काय."

"तुला जिथं तिथं खोट दिसते!"

दिसणारच. सिगारेटच्या कारखान्यात नापास माल वेचण्यात माझी तीस वर्षं गेली.

तीन महिने झाले. डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं स्क्रू हलवून पाहिला. कुजक्या लाकडातल्या खिळ्यासारखा तो डुलला. त्यांनी तो सहज फिरवून बाहेर काढला.

"पण रक्त तर थांबलं होतं," भाऊ पुटपुटला.

"तिथंच फसलात! धुरानं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रोग आत तसाच राहतो, फक्त रक्त दिसत नाही. आणि रक्त पुरेसं पोचलं नाही, तर हाड वाढणार कशावर? आशीर्वादावर?"

"मग माझं क्लॅरिनेट?"

"हाड भरू द्या. धूर खरंच सुटला तर पुन्हा प्रयत्न करू."

घरी येऊन मी त्याच्या खिशातली निळी नळी सोलली. आत पांढरी सिगारेट. तिच्या कागदाची शिवण तिरकी! हे आमचं तीन नंबरचं मशीन. ते कायम तिरकंच चिकटवायचं. जाळायला काढलेला माल मागच्या दारानं देवत्वाला पोचला होता.

पुढच्या सभेत मी फळ्यांवर चढले आणि एकेक नळी सोलू लागले.

"बाई, शाप लागेल!" महाराज ओरडले.

"तीस वर्षं हा कचरा चिवडलाय, महाराज. लागायचा तर तेव्हाच लागला असता. ही दिव्य वनस्पती म्हणजे नापास तंबाखू!"

भावानं खिशातून स्क्रू काढून वर धरला. "हा बघा, मूळ न धरलेला स्क्रू!" शिंप्यानं हळूच तोंडात बोट घालून दात चाचपला.

"हलतोय," तो म्हणाला. "माझाही हलतोय!"

महाराज उत्तर द्यायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. खोकतच ते मागच्या दारानं पसार झाले.

बँडमधल्या त्या खुर्चीवर आता दुसराच बसतो. भावानं चाळीस दिवस धूर घेतलेला नाही. क्लॅरिनेट रोज पुसून पेटीत ठेवतो.

रक्त थांबलं म्हणजे रोग गेला असं नाही. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी त्याचा कागद सोलून बघा. नखं देवानं फुकट दिली आहेत.