डोळ्यांची आखणी

श्रावणातलं ऊन ओलं होतं, पारिजाताच्या देठासारखं केशरी होत जाणारं. कौलांच्या फटींतून ते गणपतीच्या कारखान्यात उतरलं आणि फळ्यांवर रांगेनं बसलेल्या शाडूच्या मूर्तींच्या गुलाबी गालांवर विसावलं. सगळं होतं त्या मूर्तींना. शेंदरी पितांबर, सोनसळी मुकुट, कमलकोमल तळवे. नव्हते फक्त डोळे.

डोळे द्यायची ती कुमुदिनी. पडद्याआडून.

जुन्या जांभळ्या लुगड्याचा तो पडदा कारखान्याचे मालक विश्रामकाकांनी चौदा वर्षांपूर्वी टांगला होता, ती कामावर आली त्या दिवशी. कुमुदिनीला जन्मतःच हात नव्हते. उजव्या पावलाच्या अंगठ्यात आणि बोटात ती कुंचला धरायची, श्वास रोखायची, आणि एकाच ओघात रेष ओढायची. काजळकाळी रेष, करुणार्द्र रेष. मातीला जाग यायची.

"विश्रामकाकांच्या मूर्ती बघतात हो आपल्याकडे," लोक म्हणत. काका मान लववत. ती पडद्याआड ऐके. ऐकता ऐकता चौदा श्रावण गेले.

त्या दुपारी खोतांच्या माई आल्या. नुकतेच डोळे आखून झालेल्या आपल्या मूर्तीपुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"काय ही नजर! कुणाचा हात म्हणायचा हा?"

"माझाच, माई," काका म्हणाले. नेहमीसारखंच म्हणाले.

पण आज कुमुदिनीच्या उरात काहीतरी काठोकाठ भरलं होतं. तिनं पडद्याची कड दातांत धरली आणि ओढली. दोरी तुटली. ऊन प्रथमच आत आलं; तिच्या रित्या खांद्यांवरून ओघळत पावलाशी, बोटांतल्या ओल्या कुंचल्याशी येऊन थांबलं.

"माझं काम आहे ते, माई."

माई पाहत राहिल्या. पाहता पाहता त्यांचा चेहरा मिटला.

"देवाच्या डोळ्यांना पाय लावलास?"

"हेच माझे हात. ह्यांनीच जेवते. ह्यांनीच त्याला फुलं वाहते."

माई तिच्याशी पुढे बोलल्याच नाहीत. काकांना म्हणाल्या, "पुसून टाका. तुमच्या हातानं काढा. मी थांबते."

काकांनी पांढरा रंग कालवला, तिच्याकडे न बघता. कुंचला दोनदा फिरला, आणि जागा झालेला देव पुन्हा आंधळा झाला. मग त्यांनी काळा रंग घेतला. साठी उलटलेला तो हात थरथरत होता. एक बुबुळ वर चढलं, एक खाली घसरलं. एक डोळा आढ्याकडे बघू लागला, एक जमिनीकडे.

माईंनी भक्तिभावानं हात जोडले. "आता कसं प्रसन्न वाटतं."

मूर्तीवर रेशमी रुमाल पडला. मूर्ती गेली.

"उद्यापासून येऊ नकोस, बाय," काका हळूच म्हणाले. "आता कळलं ना लोकांना."

कुंचल्यावरचा रंग वाळत गेला, टणक झाला. कुमुदिनीनं कुंचला अलगद खाली ठेवला आणि आपली पावलं लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतली, एक, मग दुसरं. बाहेर ऊन ढळलं. फळ्यांवर साठ गुलाबी मुखं डोळ्यांवाचून बसून राहिली. संध्याकाळ एकेका चेहऱ्यावरून सावकाश उतरत गेली, आणि कुमुदिनीकडे कुणीच पाहिलं नाही.