थांबाबाई

फोन खांद्याने कानाशी दाबून पेंटर अंगठ्याच्या नखातला निळा रंग खरवडत होता. पलीकडून ताईचा आवाज येत होता, आणि ताईच्या मागून तिच्या अख्ख्या घराचा.

"स्पीकरवर टाकलाय रे, सगळे ऐकतायत. मुलगा ना? मग घरी कधी आणताय?"

"मुलगाच. पण थोडे दिवस ठेवून घेणार आहेत."

"का? काय झालं?"

पेंटरने काचेतून आत बघितलं. काल संध्याकाळी जन्मलेलं त्याचं पोर पाय झाडत होतं. गुलाबी, धडधाकट, नाकातली बारीक नळी सोडली तर कुणाच्याही पोरासारखं. सकाळी सिस्टरने ताप बघायला लंगोट सोडला आणि थर्मामीटर हातात धरून ती तशीच उभी राहिली. जिथे जागा असायला हवी तिथे नुसती सपाट कातडी होती. पोराला शी करायला वाटच नव्हती.

पेंटर पाट्या आणि भिंती रंगवणारा माणूस. 'शौचालय' हा शब्द त्याने पुरुषभर उंचीच्या अक्षरांत इतक्या भिंतींवर लिहिला होता, की डोळे मिटूनही लिहिला असता. पण तो लिहायचा शब्द होता. भावजी, ताईचे सासरे, भाचे, सगळे कान टवकारून बसलेले असताना हे तोंडाने बोलायचं, आणि मग नाव ठेवायच्या आधीच पोराला कायमचं नाव ठेवून घ्यायचं, हे काही त्याच्या जिभेला जमेना.

"हृदयाचं काहीतरी आहे," तो म्हणाला. "किरकोळच."

पलीकडे सगळं घर चिडीचूप झालं. हृदय म्हटलं की माणसं आदराने गप्प बसतात, हे पेंटरला तेव्हा कळलं. ताईने पुढे एकही प्रश्न विचारला नाही. सुटलो एकदाचा, म्हणून त्याने फोन खिशात घातला.

बाळांची ऑपरेशनं करणाऱ्या मॅडम बुटक्या होत्या, घाईत असल्या तरी चपला घासत सावकाश चालायच्या. सिस्टर त्यांना मागे थांबाबाई म्हणत. त्यांच्या तोंडात दर दुसऱ्या वाक्याला तो शब्द असायचाच. इंजेक्शन भरलं, थांबा. ट्रॉली निघाली, थांबा. नव्या सिस्टर वैतागत, जुन्या हसत आणि थांबत.

मॅडमनी पोराला तपासलं ते पेंटर काचेला नाक लावून बघत राहिला. तक्रार खाली होती, आणि या बाईंनी सुरुवात केली टाळूपासून. मग कान, तोंडाच्या आत, गळा, हाताची बोटं एकेक उलगडून. छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, पाठीवरून मणक्यांवर बोट फिरवलं. जांघेत दोन बोटं ठेवून नाडी बघताना त्यांनी डोळे मिटून घेतले. पेंटरच्या मनात आलं, आपणही रंगाचा डबा उघडायच्या आधी सगळी भिंत हाताने चाचपतो, पोपडा कुठे सुटलाय बघतो. हात मात्र या बाईंचा फारच हलका. पोर रडलंसुद्धा नाही.

त्या बाहेर आल्या तसा तो आडवा गेला.

"मॅडम, आत्ताच करून टाका ना ऑपरेशन. त्याचं पोट फुगायला लागलंय."

"फुगतंय, माझं लक्ष आहे. नळीने आतली हवा काढतोय आपण. पोटावर एक तात्पुरती वाट करायची आहे, म्हणजे शी तिथून बाहेर येईल. पण थांबा. आधी हृदयाची सोनोग्राफी."

पेंटरचे कान गरम झाले. हृदय हा शब्द यांनी कुठून काढला?

"हृदयाचं काय आहे त्यात?"

"पोटात बाळ घडत असतं ना, तेव्हा हे सगळे भाग साधारण एकाच सुमाराला घडतात. एका जागी काम अर्धवट राहिलं, तर दुसरीकडेही राहिलेलं असू शकतं. मूत्रपिंडात, मणक्यात, हृदयात. भूल दिली की सगळा भार हृदयावर. म्हणून ते आधी."

"पण तुम्ही तर ऐकलंत. काही बिघाड आहे?"

"मला काही सापडलं नाही."

"मग?"

"माझ्या दोन कानांच्या भरवशावर मी तुमचं पोर टेबलावर घेणार नाही," मॅडम म्हणाल्या आणि चपला घासत निघून गेल्या.

हृदयाचे डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलातून यायचे होते. दुपार कलली तरी त्यांचा पत्ता नाही. पेंटरचा जीव टांगणीला लागला. त्याने तीनदा सिस्टरकडे चौकशी केली, एकदा भिंतीवर मूठ आपटली आणि 'इतकी कसली ती सवड' असं पुटपुटला. वॉर्डात बायकोजवळ गेला, तर तिचं तिसरंच.

"ताईंना काय सांगितलंत?"

"सांगितलं, थोडे दिवस ठेवणार आहेत म्हणून."

"का ठेवणार, ते?"

तो तिची उशी नीट करायला लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

शेवटी चाकांवरचं मशीन गडगडत आलं. हृदयाचे डॉक्टर उंच होते, घामेजलेले होते, आणि गार जेल पोराच्या छातीला लागू नये म्हणून त्यांनी जेलची ट्यूब आधी मुठीत धरून कोमट केली. पडद्यावर काळं-करडं काहीतरी उघडझाप करत होतं. मॅडम त्यांच्या खांद्यावरून दिसेना म्हणून टाचा उंचावून उभ्या होत्या. डॉक्टरांनी हातातला दांडा छातीवरून गळ्याकडे सरकवला आणि तसाच खाली आणला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "मागे घ्या. तिथेच."

डॉक्टरांनी पडद्यावर दोन खुणा करून मधलं अंतर मोजलं, आणि पुन्हा एकदा मोजलं.

मॅडमनी त्याला बाकावर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. हृदयातून अंगाला रक्त पोचवणारी मोठी नळी एका जागी फार अरुंद आहे, त्यांनी सांगितलं. आईच्या पोटात प्रत्येक बाळाच्या हृदयापाशी एक जोडनळी असते. सध्या खालच्या अंगाला रक्त जातंय ते तिच्यातून. जन्मानंतर काही दिवसांत ती आपोआप मिटते.

"मिटली की?"

"बाकीच्या बाळांना काही होत नाही. ती मिटायलाच हवी असते. याची मिटली, तर हा हातचा जातो."

पेंटरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोलला ते भलतंच.

"मीच बोललो, मॅडम. सकाळी बहिणीला म्हणालो, हृदयाचं आहे. खरं सांगायची लाज वाटली. काही नव्हतं त्याला तेव्हा. माझी जीभच काळी."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले.

"हे हृदय झालं तेव्हा बाळ पोटात आहे की नाही, हेसुद्धा तुम्हाला धड माहीत नव्हतं. आणि तुमच्या बोलण्यात एवढी ताकद असती, तर मी तुम्हाला इथेच कामाला ठेवलं असतं. रोज सकाळी सगळ्या खाटांसमोर उभं राहून बोला म्हटलं असतं, बरा आहे, बरा आहे."

रडता रडता पेंटरला हसू आलं.

"जोडनळी उघडी ठेवायचं औषध असतं. ते सुरू केलंय. उद्या सकाळी पोटावरची वाट करू, मग हृदयाचं बघू."

"आणि हे मशीन आलं नसतं तर?"

"मशीन सगळ्यांसाठी नाही येत," मॅडम उठत म्हणाल्या. "अंगावर दूध पीत असेल, शी-शू करत असेल, रंग चांगला असेल, तर अशी बाळं आम्ही घरी पाठवतो. कपाळाला हात लावतो ते नंतर."

त्या गेल्या. पेंटर बाकावर बसून राहिला. काचेपलीकडे त्या गुलाबी पायाला आता सुईची पट्टी लागली होती आणि वरच्या बाटलीतून थेंब थेंब औषध उतरत होतं. नीट शी केली असती तर उद्या-परवा याला दुपट्यात गुंडाळून घरी नेलं असतं. ताईच्या घरच्या सगळ्यांनी आळीपाळीने मांडीवर घेतलं असतं. आणि आत ती जोडनळी गुपचूप मिटत गेली असती. ज्या गोष्टीची सकाळपासून लाज वाटत होती तिच्याकडे तो पहिल्यांदाच नीट बघत होता.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन चालू असताना बायको चाकाच्या खुर्चीत, तो तिच्या खुर्चीचा दांडा धरून. दार उघडलं आणि मॅडम आल्या. टोपीखालून पांढरी बट बाहेर आली होती.

"छान सोसलं त्याने. हृदयाने मधे एकदाही त्रास दिला नाही. पण पल्ला लांबचा आहे हं. आधी हृदय, मग जरा मोठा झाला की खालची वाट. धीर धरावा लागेल."

"थांबू आम्ही," पेंटर म्हणाला. "तुम्ही म्हणाल तितकं थांबू."

मॅडम हसल्या आणि चपला घासत गेल्या. त्या चपलांचा आवाज वळणापाशी विरेपर्यंत पेंटर बघत राहिला. हात जोडायचे राहूनच गेले होते.

मग त्याने फोन लावला.

"ताई, झालं ऑपरेशन. चांगलं झालं."

"बरं झालं रे बाबा! काल रात्री कुणी जेवलं नाही इथे. हृदयाचं म्हणजे..."

"पोटाचं झालं. हृदयाचं पुढे आहे. ताई, फोन स्पीकरवर आहे का?"

"नाही रे. का?"

पेंटरने बायकोकडे बघितलं. तिने होकारार्थी मान हलवली.

"ठेव स्पीकरवर," तो म्हणाला. "सगळ्यांना बोलव. भावजींना, भाच्यांना, सगळ्यांना. पोराला शी करायला जागाच नव्हती, ताई. म्हणून वाचलाय तो."