चाळीस घरांचे गाव आणि दोन टॉयलेट रोल

मित्रांनो, रद्दीला तोंड असते तर तुमची काही खैर नव्हती. मला आहे, म्हणून ऐका. मी पोलंडमधल्या लिपोव्का नावाच्या खेड्याचा नकाशा आहे. उत्तरेला दलदल, दक्षिणेला बटाट्याची शेते, मधून नदी, नदीवर पाणचक्की आणि चाळीस घरे. प्रत्येक घरावर कुटुंबाचे नाव आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी गाव रिकामे केले आणि मग जाळले. शहाण्या माणसांची ही कर्तबगारी!

तिथून हाकलल्या गेलेल्या एका आईने मला कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत आठवून आठवून काढले. छावणी उठली तेव्हा तिच्या मुलीने, हान्काने, मला आपल्या कोल्हापूरच्या मैत्रिणीकडे सोपवले. "सांभाळ. मी मागून घेईन," ती म्हणाली.

ती मैत्रीण प्रभावती. म्हातारपणी ती मुलाकडे योकोहामाला आली आणि मी कपाटावर पडलो. तिची सून सुनीता कचऱ्याचे सगळे प्रकार घडाघडा सांगते, पण हातातला कागद उलगडून पाहत नाही. १९९३ मधल्या एका शनिवारी रद्दीची गाडी भोंगा वाजवत आली. इथे रद्दीच्या बदल्यात टॉयलेट पेपर देतात. सुनीताने मला वर्तमानपत्रांत कोंबले, सुतळीने करकचून बांधले आणि दोन रोल घेऊन खुशीत वर गेली. मूर्ख बाई!

तेवढ्यात, हे मला नंतर कळले, वर प्रभावतीच्या हाती कोल्हापूरहून फिरत आलेले हान्काचे पत्र पडले. गावाच्या जागी स्मारक उभारायचे होते, पण कुणाचे घर कुठे होते हे कुणालाच आठवत नव्हते. नकाशा आहे ना, असे तिने विचारले होते.

"सुनीता, कपाटावरचा नकाशा कुठंय?"

"आई, तो पिवळा कागद? सॉरी, मला जुनं पॅकिंग वाटलं. आत्ताच गाडीवाल्याला दिला."

प्रभावती दोन्ही रोल घेऊन जिना उतरली आणि "थांबा हो, थांबा!" असे चक्क मराठीत ओरडत गाडीमागे धावली. गाडीवाला थांबला. तिने रोल त्याच्या हातात कोंबले आणि गठ्ठे सोडले. मी सापडलो, पण सुतळीने माझा एक कोपरा तुटून गेला होता. त्या कोपऱ्यातले पाणचक्कीजवळचे घर नेमके हान्काचेच होते. आता बसा रडत, मी मनात म्हणालो.

प्रभावती रडली नाही. तिने कोपऱ्याला नवा कागद चिकटवला. त्यावर तीन पायऱ्या काढल्या, मग सफरचंदाचे झाड आणि निळे दार. हान्का छावणीत रोज हेच सांगायची. खाली तिने देवनागरीत लिहिले, 'हान्काचं घर'.

मित्रांनो, मला जपा म्हणून मी हात जोडणार नाही. तुमच्यावर माझा भरवसा नाही. फक्त गठ्ठा बांधण्याआधी कागद एकदा उलगडून पाहा. ते गाव माझ्याशिवाय कुठेच उरलेले नाही, असा माझा तोरा होता. ते म्हातारीच्या आठवणीतही होते, आणि तिने कधी तसा तोरा मिरवला नव्हता.